कोळशाच्या खाणीला परमिट देण्याआधी पाण्याचा हिशोब कसा मांडतात

कोळशाची खाण म्हटलं की धूळ, ब्लास्टिंग, ट्रक हेच आधी डोळ्यासमोर येतं. पण खाणीचा सगळ्यात लांब टिकणारा परिणाम होतो तो पाण्यावर. खाण बंद झाली की धूळ बसते, ट्रक थांबतात, पाण्याचं मात्र उलटं आहे, कित्येक ठिकाणी खाण बंद होऊन पंप थांबले की त्यानंतरच खराब पाणी बाहेर यायला लागतं आणि मग ते दशकानुदशकं येतच राहतं. तोपर्यंत कंपनी बऱ्याचदा उरलेली नसते. म्हणून पाण्याचं काय होणार हा प्रश्न खाण सुरू व्हायच्या आधी, परमिटच्या टेबलावरच विचारावा लागतो, नंतर विचारून फारसा उपयोग नसतो.

हे कसं करायचं याची बऱ्यापैकी तपशीलवार पद्धत अमेरिकेत कायद्यातच लिहिलेली आहे, म्हणून तीच धरून सांगतो. सरफेस मायनिंग कंट्रोल अँड रिक्लमेशन ॲक्ट असं त्या कायद्याचं लांबलचक नाव, बोलताना सगळे स्मॅक्रा म्हणतात. ३ ऑगस्ट १९७७ ला प्रेसिडेंट जिमी कार्टर यांनी त्यावर सही केली. त्याच्या पाच वर्षं आधी, २६ फेब्रुवारी १९७२ ला, वेस्ट व्हर्जिनियात बफलो क्रीकच्या वरच्या अंगाला खाणीच्या कचऱ्याने बांधलेला बांध फुटला आणि खालच्या वस्त्यांमधली १२५ माणसं गेली. खाणीच्या कुंपणाबाहेर, खालच्या बाजूला राहणाऱ्यांचं काय, हा प्रश्न त्यामुळे किती खरा होता हे कुणाला वेगळं समजावून सांगायची गरज राहिली नव्हती.

आता या कायद्यात पाण्याबद्दल दोन वेगवेगळे अभ्यास लागतात, आणि ते दोन वेगवेगळ्या लोकांनी करायचे असतात. हे नीट लक्षात घ्या कारण बऱ्याच जणांचा इथेच गोंधळ होतो. पहिला अभ्यास कंपनी करते, त्याला पीएचसी म्हणतात, म्हणजे प्रॉबेबल हायड्रोलॉजिक कॉन्सिक्वेन्सेस, माझ्या या खाणीमुळे इथल्या पाण्याचं काय काय होण्याची शक्यता आहे ते. दुसरा अभ्यास परमिट देणारं सरकारी ऑफिस स्वतः करतं, त्याचं नाव क्युम्युलेटिव्ह हायड्रोलॉजिक इम्पॅक्ट असेसमेंट, थोडक्यात सीएचआयए. म्हणजे ही खाण, आजूबाजूच्या चालू खाणी, आणि ज्यांचे अर्ज आलेले आहेत त्या, असं सगळं मिळून त्या भागातल्या पाण्याचं काय होईल. हा दुसरा अभ्यास कंपनीवर सोडलेला नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण कंपनीला स्वतःची खाण माहीत असते, शेजारच्या स्पर्धकाचे आकडे तिच्याकडे नसतात आणि असले तरी ते सगळे मिळून वाईट चित्र दिसावं यात तिला काही रस नसतो. वेस्ट व्हर्जिनिया, केंटकी, पेनसिल्व्हेनिया अशा बहुतेक कोळसा राज्यांमध्ये हे काम राज्याची एजन्सी करते, टेनेसीसारख्या ठिकाणी आणि नॅव्हाहो, होपी या मूळ अमेरिकन जमातींच्या जमिनींवर केंद्राची ओएसएमआरई ही खाणकामावर देखरेख ठेवणारी एजन्सी करते.

आणि निकष काय? परमिट एरियाच्या, म्हणजे खाणीसाठी परमिट दिलेल्या जागेच्या, आत पाण्याचं नुकसान कमीत कमी ठेवायचं. परमिट एरियाच्या बाहेर मात्र मटेरियल डॅमेज, म्हणजे ठोस म्हणावं असं नुकसान, होऊच द्यायचं नाही. खाण तशी डिझाइन केलेली आहे असं लेखी निष्कर्षात म्हणता आलं नाही तर परमिट देता येत नाही.

मुळात खाण पाण्याला करते काय ते बघू. कोळशाचा थर हा खूपदा स्वतःच पाणी धरून ठेवणारा थर असतो, वायोमिंग-मोंटानातल्या पावडर रिव्हर बेसिनमध्ये तर कोळशातल्या बारीक भेगांमधनं खेळणाऱ्या पाण्यावर रँचेसच्या विहिरी चालतात. तिथे उघडी खाण काढली म्हणजे तो थरच उचलून नेला. खड्डा खोल जातो तसं आजूबाजूचं भूजल त्यात झिरपतं, ते उपसून बाहेर टाकावं लागतं, आणि खड्ड्याभोवती पाण्याची पातळी सगळीकडून उतरत जाते, जवळच्या विहिरीत जास्त, लांबच्या विहिरीत कमी. काम संपल्यावर खड्डा भरतात, पण भरतात कशाने तर फोडलेल्या खडकाच्या मिसळलेल्या राड्याने. आधी वाळूचा दगड, मग चिकण थर, मग कोळसा अशी जी रचना होती ती गेली. त्या भरावात पाणी परत चढायला काही ठिकाणी दशकं लागतात, आणि चढतं ते आधीचं पाणी नसतं, ताज्या फुटलेल्या दगडातले क्षार घेऊन येतं.

भूमिगत खाणीत, त्यातही लाँगवॉल पद्धतीत, यंत्र पुढे सरकतं आणि मागचं छत मुद्दाम कोसळू देतात. वरचा खडक खाली बसतो, त्याला भेगा पडतात, त्या भेगा वर ओढ्याच्या तळापर्यंत किंवा विहिरीच्या थरापर्यंत पोचल्या तर पाणी खाली निघून जातं. नैऋत्य पेनसिल्व्हेनियात ओढे आटणं, झरे जागा बदलणं हे इतकं नेहमीचं झालं की त्या राज्याने १९९४ मध्ये त्यासाठी वेगळा कायदाच केला आणि दर पाच वर्षांनी परिणामांचा आढावा घेणं त्यात घातलं.

हे झालं पाणी किती याबद्दल. पाणी कसं, ही गोष्ट याहून वाईट असू शकते. कोळशात आणि त्याच्या लगतच्या खडकात पायराइट असतं, लोखंड आणि गंधक यांचं खनिज. जमिनीखाली बंद असतं तोवर ते निवांत पडून असतं. खाणीमुळे त्याला हवा आणि पाणी दोन्ही मिळालं की गंधकाम्ल तयार होतं, वर काही जिवाणू त्या क्रियेचा वेग खूप वाढवतात. आम्लात खडकातलं लोखंड, मँगनीज, ॲल्युमिनियम विरघळतं आणि पाणी ओढ्यात येऊन पुन्हा हवेशी भेटलं की ते लोखंड नारिंगी-पिवळ्या गाळाच्या रूपात तळावर बसतं. पिढ्यानपिढ्या नारिंगी राहिलेले ओढे ॲपलेशियन पट्ट्यात, म्हणजे पूर्व अमेरिकेतल्या डोंगराळ कोळसा भागात, आहेत, त्यातले कित्येक १९७७ च्या आधीच्या, आता कुणी मालकच नसलेल्या खाणींचे.

हे आधी ओळखता येतं का? बऱ्यापैकी येतं. कंपनीला बोअर मारून प्रत्येक थराचे नमुने तपासावे लागतात. एकीकडे त्यात आम्ल तयार करणारं गंधक किती ते मोजायचं, दुसरीकडे आम्ल मारणारा चुनखडीसारखा भाग किती ते. खडकात १ टक्का पायराइटमधलं गंधक असेल तर अशा हजार टन खडकाने तयार होणारं आम्ल मारायला ३१.२५ टन कॅल्शियम कार्बोनेट लागतं असा तो हिशोब. खडकातच तेवढा चुना असेल तर धोका कमी, नसेल तर बाहेरून आणून मिसळायचा, किंवा तो खडक पाण्यापासून लांब ठेवायचा, किंवा मग हो, परमिट नाकारायचं. फक्त एक अडचण आहे, हजार टनांना इतके टन हे सरासरीचं गणित झालं, प्रत्यक्षात चुना एका कोपऱ्यात आणि पायराइट दुसऱ्या कोपऱ्यात पडलं असेल तर सरासरी कितीही छान असली तरी आम्ल निघतंच. म्हणून बोअर किती आणि कुठे मारले हे रिपोर्टमध्ये बघण्यासारखं असतं.

आणि आम्ल नसलं म्हणजे सुटलो असं पण नाही. पश्चिमेकडच्या कोरड्या राज्यांत पाणी आम्लारी असतं पण क्षार वाढतात आणि शेतीला, गुरांना ते पाणी चालेनासं होतं. दक्षिण वेस्ट व्हर्जिनियात डोंगरमाथे उडवून दरीत टाकलेल्या भरावांखालून येणारं पाणी पीएचच्या हिशोबाने ठीक दिसतं, पण विरघळलेले क्षार इतके की ओढ्यातले मेफ्लायसारखे नाजूक किडे गायब होतात, शिवाय माशांना घातक असं सेलेनियम त्यात येतं. अमेरिकेच्या पर्यावरण एजन्सीने, ईपीएने, २०११ मध्ये मध्य ॲपलेशियाच्या ओढ्यांसाठी सेंटीमीटरला ३०० मायक्रोसीमेन्स ही वाहकतेची पातळी जलचरांच्या दृष्टीने सांगितली होती (वाहकता म्हणजे पाण्यातून वीज किती सहज जाते, त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज येतो), याच्या पुढे गेलं की किड्यांच्या जाती कमी व्हायला लागतात.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. या सगळ्या असेसमेंटमध्ये लोकांचं लक्ष जातं मॉडेलवर, सॉफ्टवेअरवर, रंगीत नकाशांवर. माझं म्हणणं असं आहे की निम्म्याहून जास्त निकाल मॉडेल चालवायच्या आधीच लागलेला असतो, आणि तो लागतो दोन गोष्टींत, बेसलाइन कधी आणि कुठे मोजली, आणि हद्द कुठे आखली.

बेसलाइन म्हणजे खाण सुरू व्हायच्या आधी पाणी कसं होतं त्याची नोंद. नियमात कमीत कमी काय मोजायचं ते दिलंय, विहिरी आणि झरे कुठे, कुणाचे, कशासाठी वापरतात, पाणी किती खोल, टीडीएस (पाण्यात एकूण विरघळलेले क्षार) किंवा वाहकता, पीएच, एकूण लोखंड, एकूण मँगनीज, ओढ्यात त्याशिवाय गाळ आणि वेगवेगळ्या ऋतूंतला प्रवाह. ऋतू हा शब्द इथे उगाच नाहीये. समजा मोजमाप फक्त भरपूर पाण्याच्या महिन्यांत झालं, तर ओढा सुदृढ दिसणार, खाणीचं पाणी त्यात सहज पातळ होणार, आणि कागदावर सगळं ठीक. आणि ज्या विहिरीची आधी नोंदच झाली नाही ती उद्या आटली तर ती आधी आटलेली नव्हती हे सिद्ध करणं त्या घरमालकाच्या डोक्यावर येतं. काही वेळा अडचण उलटी असते, ओढा जुन्या खाणींनी आधीच नासलेला असतो, मग बेसलाइनच वाईट, आणि वाईटात थोडं आणखी वाईट घातलं तर फरक दिसत नाही असा युक्तिवाद होतो. मला हा युक्तिवाद धोकादायक वाटतो, कारण आधीच घाणीने भरत आलेल्या ओढ्यात आणखी घाण पचवायला उरलेली जागा सगळ्यात कमी असते, जास्त नसते.

दुसरं म्हणजे हद्द. सीएचआयएसाठी आधी एक भाग ठरवतात, क्युम्युलेटिव्ह इम्पॅक्ट एरिया, म्हणजे या खाणीचा परिणाम बाकीच्या खाणींच्या परिणामात जिथपर्यंत मिसळू शकतो तो सगळा भाग. ओढ्यांसाठी हा सहसा पाणलोट धरून आखतात, दोन खाणींचे ओढे जिथे एकत्र येतात त्याच्या खाली कुठेतरी रेषा. भूजलाला पाणलोटाची रेषा कळत नाही, त्याचे थर डोंगराखालून पलीकडे जातात, म्हणून भूजलाचा भाग वेगळा आखावा लागतो. भाग फार छोटा घेतला तर दुसरी खाण हिशोबाबाहेर राहते. फार मोठा घेतला तर त्याहून गंमत, एवढ्या मोठ्या नदीत हे पाणी किती पातळ झालं बघा असं दाखवता येतं आणि वरच्या छोट्या ओढ्याचं मरण त्या आकड्यात दिसतच नाही. म्हणून रिपोर्टमध्ये तुलना नेमक्या कुठल्या बिंदूवर केलीय हे आधी शोधा.

हे आकड्यांत करून बघू, आकडे समजण्यापुरते घेतलेत. एक ओढा आहे, सेकंदाला ९० लिटर पाणी, लिटरमागे २०० मिलिग्रॅम क्षार. वर एक खाण आहे, तिच्यातून सेकंदाला १० लिटर पाणी येतं, लिटरमागे २,००० मिलिग्रॅम क्षारांचं. दोन्ही मिसळलं की ९० गुणिले २०० अधिक १० गुणिले २,०००, भागिले १००, म्हणजे ३८०. वाढलं, पण चालतंय असं कुणीही म्हणेल. आता कोरडा काळ घ्या, ओढ्यात फक्त १० लिटर उरलंय, खाणीचं पाणी मात्र जमिनीखालून येतं त्यामुळे ते तेवढंच आहे, १० लिटर. उत्तर येतं १,१००. आता तशीच दुसरी खाण त्याच ओढ्यावर आणा. भरल्या ओढ्यात साधारण ५२७ आणि कोरड्यात १,४००. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यासाठी टीडीएसचा जो सल्ल्यादाखलचा आकडा आहे तो ५००. म्हणजे चांगल्या दिवसांत एका खाणीने तो ओलांडला नव्हता, दोघींनी मिळून चांगल्या दिवसांतही ओलांडला, आणि कोरड्या दिवसांत तर पहिल्या खाणीनेच ओलांडला होता. प्रत्येक खाण आपापल्या पीएचसीमध्ये भरल्या ओढ्याचा आकडा देऊन खरं बोलू शकते आणि तरीही ओढा जाऊ शकतो. सीएचआयए नावाचा वेगळा अभ्यास कशाला हवा त्याचं उत्तर एवढंच आहे. यासाठी कमी प्रवाहाचा एक ठरलेला मापदंड वापरायची पद्धत आहे, दहा वर्षांत एकदा येईल असा सलग सात दिवसांचा सगळ्यात कमी प्रवाह, तो वापरलाय का हे बघायचं.

भूजलासाठी हिशोब अवघड होतो, तिथे यूएसजीएसचं, म्हणजे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचं, मॉडफ्लो हे मॉडेल सर्रास वापरतात. जमिनीचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनातून पाणी किती सहज जातं ते भरायचं, खाणीच्या जागी उपसा दाखवायचा आणि वर्षावर्षाने पातळी कुठे जाते बघायची. मॉडेल चांगलंच आहे, पण त्यात भरलेले आकडे जर चार बोअरवरनं घेतलेले असतील तर उत्तरावरही तेवढाच भरवसा ठेवायचा.

यातला सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे परमिट एरियाबाहेरचं मटेरियल डॅमेज नेमकं कशाला म्हणायचं हे केंद्राच्या नियमांनी बराच काळ ठरवलंच नव्हतं, राज्यांवर सोडलं होतं. डिसेंबर २०१६ मध्ये स्ट्रीम प्रोटेक्शन रूल नावाचा नियम आला, त्यात व्याख्या होती, पण फेब्रुवारी २०१७ मध्ये अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे तिथल्या काँग्रेसने, तो रद्दच करून टाकला. त्यामुळे एका राज्यात जे नुकसान धरलं जातं ते दुसऱ्यात धरलं जाईलच असं नाही. चांगल्या सीएचआयएमध्ये सरकारी ऑफिस आधीच आकडे लिहून टाकतं, या ओढ्यात या बिंदूवर क्षार इतक्याच्या वर, या विहिरींची पातळी इतक्याच्या खाली गेली तर आम्ही त्याला मटेरियल डॅमेज म्हणू. असे आकडे नसलेला आणि नुसतं लक्षणीय परिणाम अपेक्षित नाही असं लिहिलेला रिपोर्ट माझ्या मते अर्धवट आहे, कारण तो पुढे कधी चुकीचा ठरूच शकत नाही.

ॲरिझोनातल्या ब्लॅक मेसाची गोष्ट इथे सांगायलाच हवी. तिथल्या खाणीतला कोळसा कुटून पाण्यात कालवायचे आणि ते पाइपलाइनने ४४० किलोमीटर लांब नेवाडातल्या मोहावी वीज केंद्राला पाठवायचे. १९७० पासून २००५ च्या शेवटपर्यंत हे चाललं. पाणी यायचं एन-ॲक्विफर या खोल वाळुखडकाच्या थरातून, वर्षाला साधारण चार हजार एकर-फूट, म्हणजे जवळपास ५०० कोटी लिटर, आणि तोच थर होपी आणि नॅव्हाहो लोकांच्या पिण्याचा. वाळवंटात. पातळी उतरली, मग वाद सुरू झाला की उतरली ती खाणीमुळे किती आणि वाढत्या गावांच्या उपशामुळे किती. यूएसजीएस १९७१ पासून तिथे मोजमाप करतंय म्हणून निदान वाद आकड्यांवर तरी होऊ शकला. पण थराच्या दृष्टीने उपसा कुणाचा याने काही फरक पडत नाही, कायद्यातला सीएचआयए मात्र मुख्यतः खाणींची बेरीज मागतो. गावांचा, शेतीचा उपसा त्यात धरला नाही तर बेरीज खोटी येते, आणि कोरड्या प्रदेशात हे हमखास होऊ शकतं.

परमिट मिळाल्यावर काम संपत नाही. कंपनीला भूजल आणि ओढे दोन्हीचं मोजमाप किमान दर तीन महिन्यांनी करून द्यावं लागतं, आणि आधी बाँड म्हणजे तारण रक्कम ठेवावी लागते, जी सगळी परत मिळते ती जमीन पूर्ववत करून, झाडं-गवत लावून झाल्यावर पुढची ५ वर्षं, कोरड्या भागात १० वर्षं नीट गेल्यावर. आम्ल पाणी यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं येऊ शकतं, म्हणून ज्या खाणीला कायमची ट्रीटमेंट लागेल असं आधीच दिसतंय तिला परमिट द्यायचंच कशाला, असं मला ठामपणे वाटतं.

राहिला प्रश्न खाली राहणाऱ्या माणसाचा. अर्ज आला की कंपनीला स्थानिक पेपरात सलग चार आठवडे जाहिरात द्यावी लागते, शेवटच्या जाहिरातीनंतर ३० दिवस लेखी हरकत घेता येते, आणि अर्ज कुणालाही बघायला ठेवलेला असतो. सगळा वाचायची गरज नाही. विहिरींची यादी काढा आणि तुमची त्यात आहे का बघा. नसेल तर तेच हरकतीत पहिलं लिहा आणि स्वतःच्या खर्चाने का होईना लॅबकडून पाणी तपासून घ्या, पातळी मोजून तारखेसकट ठेवा, कोरड्या महिन्यात एकदा आणि भरल्या महिन्यात एकदा. १९९२ च्या दुरुस्तीनंतर भूमिगत खाणीने घरगुती पाणी बिघडवलं तर ते तातडीने बदलून देणं कंपनीवर बंधनकारक आहे, उघड्या खाणींना ते आधीपासूनच होतं, पण आधी पाणी होतं आणि चांगलं होतं हे दाखवणारा कागद हातात असेल तर हा हक्क वापरणं कितीतरी सोपं जातं.